मागं राहिलेली पात

माझ्या जिभेला हाड न्हाई हे आमच्या गावात शेंबड्या पोराला बी म्हाईत हाय. म्हणून आधीच सांगून ठेवते, दैवशालाची ही गोष्ट मी सांगायलेय, पण हिच्यात माझं काही चांगलं निघणार न्हाई. तरी सांगते. दुसऱ्या कुणी सांगितली तर तो मला वाचवून सांगंल, अन् ते मला नको हाय.

मी केशरबाई. पालमपासून दीड कोसावर आमचं गाव. बावीस वर्षं झाली, मी बायांची टोळी चालवते. टोळी म्हणजे काय लय मोठं न्हाई, बारा-चौदा बाया. खुरपणी असो, कापूस येचणी असो, सोयाबीन काढणी असो, ज्याला बाया पायजेत तो मालक मला फोन करतो. मी बायांला सांगते, सकाळी दहाला हापशापाशी जमायचं अन् वावरात जायचं. रोजानं काम. सगळ्यांला सारखा रोज, तरणी असो की म्हातारी. ह्या एका गोष्टीवरून मी कैक मालकांशी भांडलेय. दिनकरराव एकदा म्हणले, "केशरबाई, ती दगडाबाई निम्मं काम करती, तिला निम्मा रोज देऊ." मी म्हणलं, "मालक, तुमचा बैल म्हातारा झाला तव्हा त्याला निम्मी वैरण टाकली होती का?" तव्हापासून ते रोजाचं नाव काढत न्हाईत.

आता पात म्हणजे काय ते सांगते, न्हाई तर पुढलं कळायचं न्हाई. वावराच्या एका कडंला सगळ्या बाया ओळीनं उभ्या राहत्यात. एकेकीला पिकाच्या दोन-तीन ओळी वाटून मिळत्यात, ती तिची पात. ह्या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत ती काढत जायची. कुणाचा हात जलद, कुणाचा मंद, देवानं काय सगळ्यांला एका मापाचं केलंय का. पण आमच्या टोळीत जिची पात आधी निघाली तिनं धुऱ्यावर टेकायचं न्हाई. उलटं फिरायचं अन् मागं राहिलेल्या बाईच्या पातीत समोरून शिरायचं. ती तिकडून यायली, ही इकडून, मधी दोघींची गाठ पडती. मंग सगळ्या मिळून पाणी प्यायचं. ह्याला आमी सामोरं जाणं म्हणतो. अन् जी मागं राहिली तिनं पात अर्धी टाकून उठायचं न्हाई. थकली तर जागेवर बसायचं, पण उठून जायचं न्हाई. कुणीतरी समोरून येणारच असतंय.

दगडाबाई म्हणजे दैवशालाची सासू. तिच्या आधीची चार लेकरं जगली न्हाईत, म्हणून आई-बापानं हिचं नाव दगडा ठेवलं, दृष्ट लागू नये म्हणून. सगळं गाव तिला दगडामाय म्हणायचं. पासष्टी कव्हाच ओलांडलेली, गुडघे गेलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. पण घरी बस म्हणलं की तिच्या अंगाचा तिळपापड. तरणपण सगळं मेंढरामागं चालून काढलेली बाई, वावरात बसून खुरपायचं म्हणजे तिला आराम वाटायचा. "घरी बसून काय भिंती चाटू का?" म्हणायची. तोंड तर असं की माझं तिच्यापुढं काहीच न्हाई. मी मालकाशी बोलून आले की म्हणायची, "केशर, मालक जित्ता हाय ना गं?" अन् सगळ्या बाया हसून बेजार व्हायच्या.

दैवशाला तिच्या उलट. लगीन होऊन आली तव्हा अठरा वर्षांची, खुरपं धरता येत होतं, तोंड उघडता येत न्हवतं. नवरा गोपाळ, मेंढरं घेऊन दसऱ्याच्या आधीच निघायचा तो गोदाकाठानं हिंडत पावसाळ्यालाच घरी. आठ महिने घरात सासू अन् सून. सृष्टी पोटात होती तव्हा दैवशाला वावरात चक्कर येऊन पडली, त्या दिवसापासून बाळंतपणापर्यंत तिची पात बायांनी वाटून घेतली अन् रोज पुरा दिला. ती त्या वेळी लय रडली होती. रडत रडत जे बोलली तेच तिचं टोळीतलं पहिलं बोलणं. मंग हळूहळू बोलायला लागली, हसायला लागली. अन् तिचा हात असा बसला की चौदा बायांत पहिली पात तिची निघायची. पात निघाली की ती वळायची ते थेट सासूच्या पातीत. दगडामाय दुरूनच ओरडायची, "आलीस का गं? मला वाटलं म्हातारीला टाकून माहेराला गेलीस." रोज तेच बोलणं, अन् दैवशाला रोज नव्यानं हसायची.

अठरा वर्षं असं चाललं. मला वाटायचं हे असंच चालायचं असतंय.

मंग सृष्टी बारावी झाली. पोरगी हुशार. तिचा नंबर परभणीला नर्सिंगला लागला. आमच्या टोळीतली पहिली पोरगी जी खुरपं धरणार न्हाई. आमी सगळ्यांनी पेढे खाल्ले, दगडामायनं तर नातीला म्हणलं, "मला सुई टोचायची असंल तर आधी सांग, मी पळून जाईन." पण फी, वसतिगृह, खाणं, पुस्तकं. सगळी सोंगं आणता येत्यात, पैशाचं सोंग आणता येत न्हाई. गोपाळनं दोन मेंढे इकले, ते पहिल्या सहा महिन्याच्या फीलाच गेले.

त्याच टायमाला परमेश्वरची टोळी सुरू झाली होती. परमेश्वर हा शेजारच्या गावचा, तरणा माणूस, स्वतःचा टेम्पो. त्याचं काम गुत्त्यावर. म्हणजे रोज न्हाई, अमुक एकर काढून द्यायचं, त्याचे इतके पैसे, चार तासात काढा की दिवसभर लावा. जितकं लवकर उरकलं तितकं दुसरं वावर धरता येतंय. पहाटे उजाडताना टेम्पो डांबरी रस्त्यावर उभा राहायचा, बाया भरायच्या अन् पूर्णेकडं, कुठं कुठं लांबच्या शिवारात न्यायचा. तरण्या तरण्या बाया तिकडं गेल्या होत्या. मी त्यांची नावं टाकली होती.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दुपारची मी वट्ट्यावर मूग निवडत बसले होते, तर दैवशाला आली. पदर बोटाला गुंडाळायली, सोडायली. मी म्हणलं, "काय गं, काय झालं?"

"आक्का, काल मी तुमच्याकडं आले न्हाई. माहेरी न्हवते गेले. परमेश्वरच्या टेम्पोत गेलते."

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"बघायला गेलते," ती म्हणली. "तिकडं बोलायचं न्हाई. पाणी प्यायला उठलं की शेजारची म्हणती, आटप. एका बाईचं बोट कापलं, तिनं फडकं बांधून तसाच इळा धरला, कुणी तिला इचारलं बी न्हाई. जेवण उभ्या उभ्या. पण आक्का, सांच्याला हातावर साडेसहाशे ठेवले."

आमच्याकडं तीनशे. मला म्हाईत होतं, तिला म्हाईत होतं. ती तीनशे म्हणली न्हाई, हा तिचा चांगुलपणा.

"मला काही सुचंना झालंय," ती म्हणली. "काल दिवसभर मला तुमच्या सगळ्यांची आठवण यायली होती. तिकडं जीव लागत न्हाई. पण पोरीला काय सांगू? माझा जीव लागत न्हाई म्हणून तू घरी ये? तुमीच सांगा आक्का, काय करू."

आता इथं थांबते. ती माझ्याकडं इचारायला आलती. भांडायला न्हाई, सोडून चालले म्हणून सांगायला न्हाई. इचारायला. मी जर नीट बोलले असते, "जा माय, दोन वर्षं जा, पोरीचं होऊ दे, मंग परत ये," म्हणले असते, तर ती हसत गेली असती अन् आज सगळं वेगळं असतं. पण माझ्या डोक्यात भलतंच चाललं होतं. ही गेली तर माझ्या टोळीचा जलद हात गेला. मालक कुरकुर करणार. अन् मला वाटलं, हिच्या बाळंतपणात हिची पात आमी ओढली, ते हिनं साडेसहाशेला इकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. मी म्हणलं, "जायचंय तर जा. मला कशाला इचारतीस?"

तिनं बोटाचा पदर सोडला. मंग हळूच म्हणली, "आत्याबाई तुमच्याकडंच राहतील. त्यांना तिकडलं झेपायचं न्हाई. तेवढं बघा."

अन् मी म्हणलं, "वा गं वा. तू दुप्पट कमवणार अन् तुझी म्हातारी माझ्या बायांनी ओढायची? जायचं तर दोघी जा."

खरं सांगते, मला ती म्हातारी जड न्हवती. कुणालाच न्हवती. मला वाटलं, असं म्हणलं की दैवशाला अडकंल. सासूला टाकून जाणार न्हाई, अन् सासूला घेऊन तिकडं जमणार न्हाई, म्हणजे इथंच राहील. दावं लावल्यासारखं मी म्हातारीला तिच्या पायात बांधलं. ती उठली, "बरं आक्का" म्हणली अन् गेली. मूग तसेच राहिले.

घरी जाऊन तिनं सासूला काय सांगितलं, ते मला नंतर कळलं. माझं बोलणं तिनं सांगितलंच न्हाई. इतकंच म्हणली, "आत्याबाई, मी थोडे दिवस गुत्त्याच्या कामाला जाते, तुमी आता घरी आराम करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी हापशापाशी गेले तर दगडामाय उभी. एकटी. डोक्याला फडकं बांधलेलं, हातात खुरपं, काखेत भाकरीचं गठुडं. मला बघून म्हणली, "सून गेली पैसे आणायला. आता मला समोरून कोण येतंय ते ठरवा. जरा दिसायला बरी बाई पाठवा."

बाया हसल्या. मला हसू आलं न्हाई. मला वाटलं दैवशालानं मुद्दाम पाठवलंय, माझं बोलणं पायाखाली घालायला. सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई म्हणत्यात, माझा तर सुंभ बी जळला न्हवता. मी म्हणलं, "दगडामाय, आज बाया पुरत्या झाल्या. पात न्हाई."

चौदातली एक कमी झालेली, अन् मी तिच्या तोंडावर पुरत्या म्हणले. बाया खाली बघायल्या. म्हातारीनं एकदा सगळ्यांकडं बघितलं, एका डोळ्यानं जेवढं दिसतंय तेवढं. मंग म्हणली, "बरं माय. माझे बी गुडघे आज लय दुखायलेत. बरं झालं." अन् वळून गेली. मला वाटलं, दोन दिवसांनी बोलवू. दोन दिवस दैवशालाला कळू दे.

ते दोन दिवस कव्हा संपलेच न्हाईत. तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेण टाकायला बाहेर आले तर डांबरी रस्त्याला टेम्पोत दैवशाला चढायली होती अन् दगडामायला दोन बाया वर ओढायल्या होत्या. म्हातारीनं सुनेला काय सांगितलं होतं म्हाईत हाय का? "केशरनं मला लय बोलावलं, पण मीच न्हाई म्हणलं. मला टेम्पोत बसायची हौस हाय." दैवशालानं दोन दिवस नको नको म्हणलं. पण म्हातारी अन्न सोडून बसली. परमेश्वरला सोयाबीनच्या दिवसांत बाया कमीच पडायल्या होत्या. दैवशाला त्याला म्हणली, ह्यांची पात मी काढून देते, पैसे एकीचेच द्या. तो म्हणला, मला काय, वावर निघाल्याशी मतलब.

पाच दिवस ती तशी पळाली. स्वतःची पात काढायची, मागं धावायचं, सासूची काढायची. बाकीच्या बाया तोपर्यंत दुसऱ्या वावरात लागलेल्या. त्यांचं बी काही चुकत न्हवतं. त्यांनी कुणाला शब्द दिला न्हवता, तिकडं तशी रीतच न्हाई. रुपाली म्हणून एक पोरगी त्या टोळीत होती, आमच्याच गावची. तिनं मला नंतर सगळं सांगितलं. ती म्हणली, "दैवशालाकाकू रात्रीसुद्धा हात चोळत बसायची म्हणे. पण म्हातारी खूश होती. रोज टेम्पोत पुढं बसायची अन् ड्रायव्हरला शिव्या द्यायची."

सहावा दिवस. पूर्णेच्या अलीकडचं एक शिवार. वावर लय लांब, ह्या टोकावरून ते टोक दिसंना. चार ओळी सोयाबीन अन् मधी दोन ओळी तूर, तसं पेरलेलं. सोयाबीन कमरेइतकं, पण तूर डोक्याच्या वर गेलेली. म्हणजे एक बाई ह्या पट्ट्यात अन् दुसरी त्या पट्ट्यात, मधी तुरीची भिंत. दसऱ्यानंतरचं ऊन तुमाला म्हाईतच हाय, जमिनीतून वाफ निघती अन् वारं हलत न्हाई. त्याच्यात दुपारून आभाळ यायची बातमी. मालक धुऱ्यावर येऊन उभा. पाऊस यायच्या आत शेजारचं वावर बी काढून द्या, जादा पैसे देतो म्हणला.

दैवशालाची पात निघाली. ती वळणार तेवढ्यात परमेश्वरनं हाक मारली, "इकडं या, इकडं या, सगळ्या इकडं." ती म्हणली, "आत्याबाई मागं हायेत." तो म्हणला, "म्हातारी टेम्पोकडं गेली असंल सावलीला. मघाशी त्या बाजूला दिसलती." त्यानं खोटं सांगितलं असं मी म्हणणार न्हाई. कुणीतरी म्हातारी बाई मालकाच्या घरची तिकडं होती म्हणे. दैवशालानं मागं बघितलं. तूर. तुरीमागं काही दिसंना. तिनं एकदा हाक मारली, "आत्याबाई." उत्तर आलं न्हाई, म्हणजे टेम्पोकडंच गेल्या असतील, असं तिला वाटलं. अन् ती दुसऱ्या वावरात गेली.

म्हातारी अर्ध्या पातीत होती. उन्हानं तिला गरगरलं असंल. तिच्याजवळची बाटली संपलेली होती. तिनं उठून मागं चालत यायला पायजे होतं, फार तर दोनशे पावलं. तिथं टेम्पो होता, पाण्याचा जार होता, सावली होती. उठली असती तर वाचली असती, डॉक्टर बी तेच म्हणले. पण ती उठली न्हाई. तिची पाठ टेम्पोकडं होती अन् तोंड समोर. रुपालीला ती सापडली तव्हा ती मांडी घालून बसलेली होती, इळा मांडीवर, कापलेल्या सोयाबीनच्या मुठी शेजारी नीट लावून ठेवलेल्या. जेवायच्या टायमाला दैवशाला टेम्पोकडं गेली अन् तिथं सासू न्हाई बघून ओरडली, तव्हा सगळ्या धावल्या. दोन तास होऊन गेले होते. अंग तव्यासारखं तापलेलं. शुद्ध अर्धी होती. रुपालीनं तोंडावर पाणी मारलं तर म्हणली, "लय उशीर केला गं. कोण हाय तू?"

रुपाली मला म्हणती, "मावशी, ती उठून का आली न्हाई? समजत कसं न्हाई माणसाला?" मी त्या पोरीला काय सांगू? ती वीस वर्षं माझ्या टोळीत होती. मागं राहिलेल्या बाईनं उठायचं न्हाई, हे मीच तिला शिकवलं होतं. कुणीतरी येणारच, असं तिला मरेपर्यंत वाटत होतं.

टेम्पोतूनच पूर्णेच्या दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं. पण रस्त्यातच उरलीसुरली शुद्ध बी गेली होती. सांच्याला संपली.

गोपाळला निरोप गेला, तो दुसऱ्या दिवशी मेंढरं सोडून आला. सृष्टी परभणीहून आली. अंगावर तो पांढरा ड्रेस, तशीच निघून आलेली. माझी सगळी टोळी त्या घरी गेली. बाया गळ्यात पडून रडल्या. दैवशाला रडली न्हाई. कोपऱ्यात बसून राहिली, कुणी पाणी दिलं तर पेली, कुणी उठवलं तर उठली. मी तिच्याजवळ बसले, पाठीवरून हात फिरवला. माझ्या तोंडात आलेलं मी गिळलं. चार माणसांत कशाला बोलायचं, असं मी मनाला सांगितलं. भित्री मी. मालकांशी भांडणारी केशरबाई, तिच्यापुढं तोंड उघडंना.

तेरावा झाला. गोपाळ मेंढरामागं गेला, सृष्टी कॉलेजला गेली. मंग मला कुणीतरी सांगितलं की दैवशालानं परमेश्वरला निरोप धाडलाय, सोमवारपासून येते म्हणून. त्या दुपारी मी तिच्या घरी गेले. ती दारात बसून इळ्याला कानस मारायली होती.

मी म्हणलं, "दैवशाला, त्या टोळीत जाऊ नको. माझ्याकडं ये. मी मालकांशी भांडते, रोज वाढवून घेते. न्हाईच दिला कुणी तर माझ्या रोजातला तुला देते. पोरीचं आपण सगळ्या मिळून बघू."

"पैशासाठी न्हाई आक्का," ती म्हणली. कानस चालूच.

"मंग कशासाठी?"

तिनं इळा उलटा करून दुसऱ्या बाजूला कानस लावली. मंग मी सांगितलं. हापशापाशी म्हातारी आलती ते सांगितलं. पात मागितली होती, अन् मी बाया पुरत्या झाल्या म्हणले, ते सांगितलं. सगळ्या बायांसमोर, ते बी सांगितलं. काही झाकून ठेवलं न्हाई.

तिनं कानस खाली ठेवली. "त्या तर म्हणल्या, केशरनं लय बोलावलं."

"खोटं बोलली ती. तुझ्यासमोर माझी इज्जत राखली."

मला वाटलं, आता ही शिव्या देईल. पायातली काढंल. खरं सांगू का, मी त्याच्यासाठीच गेले होते. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती. तिनं इळा बी खाली ठेवला. मंग म्हणली, "कसं म्हणल्या त्या? तुमी न्हाई म्हणल्यावर?"

"बरं माय म्हणली. माझे बी गुडघे दुखायलेत म्हणली."

तव्हा ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आवाज न्हाई, नुसते खांदे हलायले. मी पुढं सरकले तर तिनं हात करून मला थांबवलं.

"तुमी रागात होता आक्का," डोळे पुसून ती म्हणली. "मी रागात न्हवते. मी धुऱ्यावर उभी होते. चार पावलं आत गेले असते तर दिसल्या असत्या. जादा पैसे देतो म्हणला मालक, ते माझ्या कानात होतं. तुमचं अन् माझं एक न्हाई."

"असं म्हणू नको. ये तू. बाया वाट बघायल्यात तुझी."

"म्हणूनच यायची न्हाई." तिनं इळा उचलला, धारेवरून बोट फिरवून बघितलं. "तुमच्यात मी एखाद दिवशी मागं राहिले तर तुमी सगळ्या मला समोरून याल. मला ते सोसायचं न्हाई आता. तिकडं कुणी येत न्हाई. माझ्यासारखीला तेच बरं हाय."

मी तिथून कशी उठले, घरी कशी आले, मला आठवत न्हाई.

आज दीड वर्ष झालं. ती अजून त्याच टोळीत हाय. सृष्टी दुसऱ्या वर्षाला गेली, पोरीचं चांगलं चाललंय. रस्त्यात भेटली तर दैवशाला मला आक्का म्हणती, बरं हाय का इचारती, तोंड फिरवत न्हाई. तिनं तोंड फिरवलं असतं तर बरं झालं असतं. पहाटेचा टेम्पो आला की मी दारात उभी राहते. ती सगळ्यात मागं चढती, कुणाशी बोलत न्हाई. त्या एका दिवसाची शिक्षा ती रोज भोगायली हाय. त्याच्यातली निम्मी माझी होती, मी मागायला गेले होते, पण तिनं मला दिली न्हाई.